नोकरी गेली? ईएसआयमधून ९० दिवस मदत मिळू शकते
पगारातून ‘ईएसआय’ म्हणून कापले जाणारे ०.७५ टक्के फक्त दवाखान्यासाठीच, असा अनेकांचा समज असतो. पण २०१८ पासूनच्या ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’त नोकरी गेल्यावरही सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. आधीची दोन वर्षं १५ हजार पगार असेल, तर एकूण साधारण २२ हजार रुपये. फार नाहीत, पण घरभाड्याला आधार होतो.

नोकरी सुटल्यावर ३० दिवसांनी ईएसआयसीच्या पोर्टलवर स्वतःच दावा करायचा. किमान दोन वर्षांचा विमा हवा. गैरवर्तनामुळे काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर मदत नाही. मधेच नवी नोकरी लागली की पैसे थांबतात. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळते, त्यामुळे अर्जाआधी ती चालू असल्याची खात्री करा. लाभ आयुष्यात एकदाच.