अंतर्यामित्व

देव सृष्टीबाहेर कुठे वेगळा बसलेला नसून तिच्या आतच वसतो, ही धारणा. हिच्यासमोर विश्वातीत देवाची धारणा येते : तो सृष्टी घडवतो, पण तिच्यात मावत नाही. बहुतेक परंपरा दोन्ही धरून चालतात. वजन कुठे द्यायचं, एवढाच वाद.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य उद्दालक आरुणीला अंतर्यामीची खूण सांगतो : तो पृथ्वीत राहून तिला चालवतो, पण तिला त्याची ओळख नसते. या आधारावर रामानुजाचार्यांनी जगाला ईश्वराचं शरीर म्हटलं. स्पिनोझाच्या ‘एथिक्स’मध्ये (1677) देव आणि निसर्ग एकच ठरतात, रामानुज तिथवर जात नाहीत. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीत (शके 1212, इ.स. 1290) आणि अमृतानुभवात जगाला भास म्हणून झटकलं नाही, चैतन्याचा विलास म्हणून जवळ केलं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यात हीच गोष्ट धान्याच्या रूपाने भेटते. इथल्या आदिवासींची कुलदेवता याहामोगी. ‘याहा’ म्हणजे आई. तिचं ठाणं अक्कलकुव्याच्या शेजारी, गुजरातच्या सागबारा तालुक्यातल्या देवमोगऱ्याला. महाशिवरात्रीच्या जत्रेला घराघरांतून बांबूच्या टोपल्या डोक्यावर घेऊन माणसं निघतात. टोपलीत नवं धान्य, नारळ, मोहाची दारू. कथा अशी, की दुष्काळात तिने आपल्या कोठारातलं धान्य लोकांना वाटलं. पण तिलाच कणसरीही म्हणतात, आणि कणसरी म्हणजे कणसात भरलेलं धान्यच. देणारी तीच, पदरात पडलेला दाणाही तीच. अंतर्यामित्वाची याहून नेमकी मांडणी मला तरी माहीत नाही. नवं पीक आधी देवाला दाखवतात, मगच घरात खातात. तत्त्व इथे सांगायचं नसतं, पाळायचं असतं.

वसाहतकाळातल्या जनगणनेने या श्रद्धा ‘जडप्राणवादी’ रकान्यात कोंबल्या. तो अन्यायच होता. पण त्यांना अद्वैताची गावठी आवृत्ती म्हणून गौरवणंही तितकंच चुकीचं. वेदान्ती ‘सर्व’ या शब्दापासून निघतो आणि दाण्यापाशी येतो. इथे आधी दाणा हातात असतो.

अंतर्यामित्वावरचा जुना आक्षेप असा, की देव सगळ्यांत असेल तर नासधूस करणाऱ्यातही आलाच. सातपुड्यात वाघदेव पुजला जातो. तो गुरं उचलून नेतो, हे पुजणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.