दामू धोत्र्यांचे बिबटे

दामू धोत्रे म्हणजे कोण, असे आजच्या एखाद्या कॉलेजकुमाराने विचारले तर त्याला दोष देता येत नाही. आमच्या लहानपणी पुण्यात हा प्रश्न कोणी विचारला असता, तर वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी त्याला ओट्यावर बसवून घेतले असते आणि दिवेलागणीपर्यंत सोडले नसते. मी धोत्र्यांना पाहिले ते फक्त छायाचित्रांत. डोक्याला फेटा, अंग उघडे आणि उपरणे टाकावे तसा खांद्यावर बिबट्या. त्या बिबट्यापेक्षा त्या उघड्या अंगाचेच मला जास्त नवल वाटे.

धोत्र्यांचा जन्म १९०२ सालचा, पुण्याचा. घरी गरिबी, पण मामांची सर्कस होती. आणि सर्कस तेव्हा मराठी मुलखाला परकी राहिली नव्हती. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत कियारिनी या इटालियनाचा खेळ पाहिला आणि १८८० साली स्वतःची सर्कस उभी केली; मागून देवल आले, कार्लेकर आले. दामू पोरवयातच मामांच्या तंबूत गेला. सायकलीच्या कसरती करता करता त्याचे मन जनावरांच्या पिंजऱ्यांकडे ओढले गेले, ते कायमचे. पुढे एका रशियन सर्कशीबरोबर फिरून तो युरोपात पोहोचला, आणि १९४० साली आल्फ्रेड कूर या नामांकित फ्रेंच शिक्षकाबरोबर अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत.

कूरचे वैशिष्ट्य असे की, तो सिंह, वाघ, बिबटे, जग्वार अशी हाडवैरे एकाच रिंगणात आणून बसवी. त्यांतला बिबट्या लोकांना वाघापुढे किरकोळ वाटतो. मला तर वाटते, त्याच्याइतका कठीण विद्यार्थी नाही. सिंह रागावला की गुरगुरतो, शेपूट आपटतो, थोडी तरी सूचना देतो. बिबट्या मुळात झाडावर चढणारा. त्याला वरची दिशाही मोकळी. वजनाने हलका, म्हणून झेपेला वेळ लागत नाही.

अशा जनावरांपुढे मारझोडीने काम भागत नाही. हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने यातले मर्म उलगडून दाखवले आहे. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य हद्द असते. माणूस तीत शिरला की ते मागे सरते. मागे सरायला जागा उरली नाही आणि माणूस आणखी जवळ आला, की ते उलटून चाल करते. शिक्षक नेमका या दोन रेषांच्या मध्ये वावरतो. एक पाऊल पुढे टाकले की सिंह त्याच्या रोखाने निघतो. वाटेत स्टूल असते, त्यावर तो चढतो. त्याच क्षणी शिक्षक पाऊल मागे घेतो, आणि सिंह स्टुलावरच थांबतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात ते चाबकाच्या आवाजाला. खरा खेळ त्या दोन पावलांचा असतो, आणि प्रत्येक जनावराची रेषा निराळी. धोत्रे उघड्या अंगाने आत जात, ते मला यामुळेच पटू लागले. जिथे सगळा भरवसा नजरेवर आणि पावलांवर, तिथे जाड कोट घालून काय साधणार?

भानू शिरधनकरांनी शब्दबद्ध केलेल्या त्यांच्या आत्मकथेचे नाव ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’. ते पुस्तक मी किती वेळा वाचले असेन, सांगवत नाही. पण वय वाढले तशी त्या नावाने थोडी टोचणीही लावली. सखे खरे, मात्र दाराची किल्ली एकाच सख्याच्या कनवटीला! आपल्या सरकारने १९९८ साली वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली; २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ते योग्यच झाले असे माझे स्पष्ट मत आहे. फिरत्या गाडीतल्या पिंजऱ्यात जन्म काढणाऱ्या जनावराला शिक्षकाचा लळा लागला, तरी रान मिळत नाही. एवढे म्हणूनही धोत्र्यांबद्दलचे माझे प्रेम उणे होत नाही. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात, कूरच्या जनावरांसारख्या.

दुसऱ्या महायुद्धात धोत्रे अमेरिकन सैन्यातही होते. नंतर पुन्हा पिंजरा, आणि शेवटी पुणे. १९७१ साली अमेरिकेतल्या सर्कशीच्या कीर्तिमंदिरात त्यांचे नाव दाखल झाले. १९७३ साली ते गेले, आपल्या पुण्यातच.