हिमवादळ आणि हद्दपारीचे कागद

१९१९ सालच्या डिसेंबरची २१ तारीख. कडाक्याच्या थंडीत, पुरते उजाडण्यापूर्वीच, न्यूयॉर्क बंदरातून 'ब्यूफर्ड' नावाची एक जुनी आगबोट निघाली. १८९० साली बेलफास्टच्या गोदीत बांधलेली आणि पुढे अमेरिकन लष्कराने विकत घेतलेली ही बोट सैनिकांची ने-आण करून झिजलेली होती. त्या दिवशीही तिच्यावर सैनिक होते. पण ते पहारेकरी म्हणून. उतारू होते २४९, आणि त्यांतील एकानेही आपल्या खुशीने त्या बोटीवर पाऊल ठेवलेले नव्हते. बोट कोठे जाणार हे त्यांस ठाऊक नव्हते. कप्तानाजवळ मोहोरबंद हुकूम होता. निरोप द्यावयास नातलग नव्हते. निघण्याची घटका पाहावयास सरकारी मंडळी मात्र जमली होती, आणि त्यांत न्याय खात्यातील चोवीस वर्षांचा एक तरुण अधिकारी होता. त्याचे नाव जे. एडगर हूवर. पुढे जवळजवळ अर्धशतक अमेरिकेच्या गुप्तपोलिसी कारभाराची सूत्रे त्याच्याच हाती राहिली.

उतारूंपैकी एमा गोल्डमन आणि अलेक्झांडर बर्कमन ही दोन नावे जगास माहीत होती. राजसत्ताच नको असे मानणाऱ्या अराजकवादी पंथाची ही दोघे पुढारी. बाकीचे बहुतेक रशियन मुलखांतून पोटासाठी आलेले कामगार होते. 'रशियन कामगार संघा'चे सभासद म्हणून ७ नोव्हेंबर १९१९ च्या धाडींत त्यांस पकडण्यात आले होते. न्यूयॉर्कमध्ये ह्या संघाच्या वास्तूत संध्याकाळचे वर्ग चालत. कित्येकांच्या बाबतीत सभासदत्वाचा अर्थ त्या वर्गांना जाऊन बसणे एवढाच होता.

ह्या धाडींमागे भीती होती, आणि ती सर्वस्वी काल्पनिक होती असे म्हणता येणार नाही. महायुद्ध नुकतेच संपले होते. रशियात क्रांती झाली होती. अमेरिकेत संपांची लाट उसळली होती. २ जून १९१९ च्या रात्री ॲटर्नी जनरल मिचेल पामर ह्यांच्या वॉशिंग्टनमधील घराच्या दारातच बाँब फुटला. गुन्हेगार शोधून त्याच्यावर खटला भरणे हा एक मार्ग होता. परंतु त्याला पुरावा लागतो, पंच लागतात आणि वेळ लागतो. १६ ऑक्टोबर १९१८ च्या कायद्याने दुसरा, जवळचा मार्ग खुला करून ठेवला होता. अराजकवादी असलेल्या, किंवा बळाने सरकार उलथावे असे म्हणणाऱ्या संस्थेचा सभासद असलेल्या कोणाही परक्या नागरिकास देशाबाहेर घालवता येत असे. त्याने काही केले आहे काय, हा प्रश्नच त्यात उद्‌भवत नव्हता. हद्दपारी ही शिक्षा मानली जात नसल्यामुळे न्यायालय नको, पंच नकोत. कामगार खात्याच्या सचिवाची सही झाली की काम भागे.

भर हिवाळ्यातील अटलांटिक महासागर म्हणजे काय, हे त्या काळच्या खलाशांस नव्याने सांगावे लागत नसे. म्हाताऱ्या 'ब्यूफर्ड'ला लाटा झेपत नव्हत्या. पुरुषांस बोटीच्या तळाशी कोंदट, ओलसर जागेत दाटीवाटीने ठेवलेले होते. वादळात बहुतेक जण आडवे झाले. तिन्ही स्त्रियांच्या खोलीपुढे पहारेकरी उभा असे. कित्येकांस अंगावरच्या कपड्यांनिशीच आणलेले होते आणि प्रवास होता उत्तर युरोपच्या बर्फाकडे. बर्कमनने ह्या प्रवासाची रोजनिशी ठेवली होती. तीत एक लहानशी हकीगत आहे. ज्यांच्याजवळ थोडेफार सामान होते त्यांस त्याने आपले अधिक कपडे काढून देण्याची विनंती केली, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांस ते वाटून देण्यात आले. राज्यसंस्थेस धोकादायक ठरवलेल्या ह्या माणसांनी बोटीवर जे संघटित कार्य केले ते हे असे होते.

वाटेत कील येथे बोटीची दुरुस्ती करावी लागली. १६ जानेवारी १९२० ला ती फिनलंडमधील हांको बंदरास लागली. तेथून पहाऱ्याच्या आगगाडीने सरहद्दीपर्यंत नेऊन, १९ जानेवारीस बर्फातून ह्या सर्वांस रशियात पोहोचते करण्यात आले. काहींची बायकामुले अमेरिकेतच राहिली. ज्या देशात त्यांस 'परत' पाठवले तो देश त्यांनी सोडला तेव्हा तेथे झार राज्य करीत होता; आता तेथे यादवी युद्ध आणि उपासमार होती. गोल्डमन आणि बर्कमन ह्यांचाही तेथे भ्रमनिरास झाला. १९२१ च्या डिसेंबरात, अशाच हिवाळ्यात, ती दोघे रशियातूनही बाहेर पडली.

'ब्यूफर्ड' अजून वाटेत असतानाच मायदेशी त्याहून मोठी मोहीम झाली. २ जानेवारी १९२० च्या रात्री अमेरिकेतील तीसहून अधिक शहरांत एकाच वेळी धाडी पडल्या आणि हजारो माणसे पकडली गेली. डिट्रॉइट येथे सुमारे आठशे माणसांस सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरील एका बिनखिडकीच्या अरुंद बोळात कित्येक दिवस कोंडून ठेवले. निजावयास उघडी फरशी आणि एवढ्या जणांत शौचकूप एक. बॉस्टन येथे कैद्यांस बेड्या घालून भर रस्त्याने चालवीत नेले, आणि चारशेंहून अधिक जणांस बंदरातील डीअर बेटावरच्या तुरुंगात ठेवले. समुद्रावरचा बोचरा वारा, ऐन जानेवारी, आणि इमारतीत उबेची धड सोय नाही. एका कैद्याने पाचव्या मजल्यावरून उडी टाकून सोबत्यांच्या डोळ्यांदेखत प्राण दिला. दुसऱ्यास वेड लागले. ही माहिती पुढे एका संघीय न्यायाधीशाच्या निकालपत्रातच नमूद झालेली आहे.

४ ते ७ फेब्रुवारीच्या दरम्यान पूर्व किनाऱ्यावर मोठे हिमवादळ आले. एकट्या न्यूयॉर्कमध्ये साडेसतरा इंच बर्फ आणि गारा पडून रस्ते बुजले, वाहने जागच्या जागी रुतली. अशा दिवसांत ज्या घरातला मिळवता माणूस तुरुंगात होता त्या घरापुढचा प्रश्न कोळशाचा आणि पावाचा होता. जामीन सामान्यतः हजार डॉलरचा असे, आणि गिरणीकामगारास ती रक्कम उभी करणे अशक्यप्राय होते. वादळ ओसरले, रस्ते मोकळे झाले. कैदेतील माणसे मात्र कागदांच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती.

ते कागद तयार कसे झाले हे पाहण्यासारखे आहे. कायद्याने हद्दपारीचा अधिकार कामगार खात्याचा. न्याय खात्यास तो नव्हता. सचिव विल्यम विल्सन आजारी असल्याने जॉन ॲबरक्रॉम्बी हे त्यांच्या जागी काम पाहत होते. न्याय खात्याने याद्या पाठवल्या आणि तीन हजारांवर वॉरंटे काही दिवसांत सह्या होऊन बाहेर पडली. इतक्या थोड्या अवधीत तीन हजार प्रकरणे वाचून होत नाहीत, हे ज्यांचा दिवस फाइलींत जातो त्यांस सांगावयास नको. शिवाय डिसेंबरच्या अखेरीस एका नियमातील चार शब्द बदलण्यात आले. सुनावणीच्या आरंभीच आरोपीस वकील घेण्याचा हक्क सांगावा, असा नियम होता. तेथे 'सरकारच्या हितास बाध न येईल इतपत चौकशी झाल्यावर' तो सांगावा, अशी सोय झाली. जानेवारीच्या अखेरीस मूळ नियम पुन्हा आला. पण तोवर शेकडो लोकांच्या जबान्या वकिलावाचून नोंदल्या गेल्या होत्या. दंडुक्याइतकाच हा शब्दबदलही कठोर होता, आणि तो करणाऱ्याच्या अंगावर थंडीचा शहाराही आला नसेल.

मार्च १९२० मध्ये ॲबरक्रॉम्बी निवडणूक लढवण्यासाठी निघून गेले, सचिव अजून रजेवरच होते, आणि खात्याचा भार सहायक सचिव लुई पोस्ट ह्यांच्याकडे आला. वय सत्तर. जन्म १८४९ चा. व्यवसाय वकिलीचा आणि पत्रकारितेचा. पुरोगामी विचारांचे गृहस्थ म्हणून लौकिक. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एमा गोल्डमनच्या हद्दपारीच्या हुकुमावर सही ह्याच पोस्टसाहेबांची होती. तिच्या नवऱ्याचे नागरिकत्व सरकारने १९०९ सालीच रद्द करून घेतले होते, म्हणजे तिच्या नागरिकत्वाचा पायाच काढून घेतलेला होता. आणि ती अराजकवादी असल्याचे ती स्वतःच जगास सांगत होती. कायद्याचे शब्द स्पष्ट असताना आपणास गत्यंतर नव्हते, अशी पोस्ट ह्यांची भूमिका होती. बाईने त्यांस त्याबद्दल क्षमा केली नाही.

अशा ह्या मनुष्याने आता साचलेल्या फाइली आपल्या मेजावर आणवल्या आणि एकेक वाचावयास घेतली. त्यांची रीत साधी होती. वकील न देता घेतलेली जबानी पुरावा म्हणून धरावयाची नाही. बेकायदा झडतीत हाती आलेला कागद धरावयाचा नाही. सभासदत्व जाणूनबुजून घेतले होते काय, हे पाहावयाचे. त्यात असे आढळले की, कित्येक माणसे समाजवादी पक्षाची सभासद होती, त्या पक्षात फूट पडली, आणि त्यांची नावे त्यांच्या नकळत कम्युनिस्ट पक्षाच्या यादीत गेली. कोणी वाचनासाठी, कोणी संगीतासाठी, कोणी केवळ आपल्या भाषेत चार शब्द बोलता यावेत म्हणून त्या जागी गेलेले. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत सोळाशेंच्या आसपास प्रकरणे निकालात निघाली आणि शंभरांतील सत्तरांवर पकडहुकूम रद्द झाले. जामिनाच्या रकमाही त्यांनी उतरवल्या. जेथे कायद्याची अट खरोखर पुरी होत होती तेथे त्यांनी हद्दपारीचे हुकूमही दिले. अखेरीस जानेवारीच्या धाडींतून देशाबाहेर गेले ते ५५६.

ह्यावर गहजब झाला. पोस्ट ह्यांच्यावर महाभियोग आणावा असा ठराव प्रतिनिधिगृहात मांडला गेला. मे महिन्याच्या ७ आणि ८ तारखांस ते समितीपुढे उभे राहिले आणि प्रकरणामागून प्रकरण, तारखांसह, तोंडपाठ असल्यासारखे सांगत गेले. विरोधकांजवळ संताप होता. फाइली वाचलेल्या नव्हत्या. महाभियोग बारगळला. १ मे रोजी क्रांतीचा उठाव होणार हे पामर ह्यांचे भाकीतही खोटे ठरले. पोलीस सज्ज राहिले आणि दिवस शांततेत गेला. मेअखेरीस फेलिक्स फ्रँकफर्टर, रॉस्को पाउंड इत्यादी बारा नामांकित कायदेपंडितांनी न्याय खात्याच्या बेकायदा कृत्यांवर अहवाल प्रसिद्ध केला, आणि २३ जूनला बॉस्टनचे न्यायाधीश जॉर्ज अँडरसन ह्यांनी डीअर बेटाच्या प्रकरणावर कठोर ताशेरे ओढले.

आपणा भारतीयांचाही ह्या इतिहासाशी संबंध आहे. ५ फेब्रुवारी १९१७ च्या अमेरिकन कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांस प्रवेशबंदी केली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात शिक्षा झालेल्या भारतीय क्रांतिकारकांवरही १९१९ मध्ये हद्दपारीचे सावट होते, आणि त्यांच्यासाठी ब्रिटिश हद्दीतील हद्दपारी म्हणजे तुरुंग किंवा फास. त्याविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये त्याच वर्षी 'फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया' ही संस्था उभी राहिली. तारकनाथ दास आणि ॲग्नेस स्मेडली हे तिचे प्रमुख कार्यकर्ते होते.

पोस्ट ह्यांच्या हातून क्रांती झाली नाही, कायदाही बदलला नाही. उलट १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी अमेरिकेचे दरवाजे अधिकच बंद झाले. ते १९२१ मध्ये पदावरून उतरले, १९२३ साली त्यांनी ह्या साऱ्या प्रकरणावर ग्रंथ लिहिला आणि १९२८ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु ज्या कायद्याखाली 'ब्यूफर्ड' वादळात लोटली गेली, त्याच कायद्याखाली, त्याच खात्यात, त्याच सहीने शेकडो माणसे आपल्या घरी गेली. फरक पडला तो कागद वाचल्यामुळे.

परमुलखात आलेल्या माणसास थंडी अधिक लागते, हे बदलीच्या गावी पहिला हिवाळा काढलेल्या आपल्यापैकी अनेकांस ठाऊक आहे. त्या थंडीस इलाज असतो. कोणी शेजारी शेगडी देतो, कोणी शाल. दाराशी आलेल्या हुकुमाच्या थंडीवर शेजाऱ्यापाशी इलाज नसतो. तो त्या मेजापाशीच असतो, जेथे तो हुकूम सहीसाठी येतो. मेजावरच्या माणसास दया असो वा नसो. सहीपूर्वी पान उलटून आत कोणाचे नाव आहे, त्याने काय केले आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकले काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ होते. १९२० च्या त्या हिवाळ्यात हजारो माणसांस हे पाहणारा मनुष्य मिळेपर्यंत मार्च उजाडावा लागला. डीअर बेटावरून उडी टाकणाऱ्यास तेवढा अवधी मिळाला नाही.