शून्य मैल, नागपूर
नागपूर शहराच्या सिव्हिल लाइन्स भागात, विधानभवनापासून जवळच उभारलेले सर्वेक्षणविषयक ऐतिहासिक स्मारक. ते ‘झिरो माइल’ या नावाने सर्वपरिचित आहे. षट्कोनी बैठकीवरील वालुकाश्माचा स्तंभ, त्याच्या शेजारचा ‘जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क’ हा लहान दगड आणि पुढील काळात बसवलेले चार घोड्यांचे पुतळे एवढा त्याचा विस्तार आहे. स्मारकाची उभारणी 1907 मध्ये झाली, असे मानले जाते.

जीटीएस ही अक्षरे ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’, म्हणजे भारताचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण, या प्रकल्पाची आहेत. एक पायारेषा अत्यंत काटेकोरपणे मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या बिंदूशी होणारे कोन थिओडोलाइट या कोनमापक यंत्राने घ्यायचे, त्यांवरून त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या आणि त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचत जायचे, अशी या सर्वेक्षणाची रीत होती. विल्यम लॅम्टन याने 1802 मध्ये मद्रास येथे या कामास आरंभ केला आणि दक्षिणेकडून वर सरकत त्याची त्रिकोणांची साखळी वऱ्हाडात एलिचपूरच्या परिसरापर्यंत आणली. पुढे हैदराबादहून नागपूरकडे येत असताना 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच असून, शून्य मैलाचा विचार करताना तिचे स्मरण अपरिहार्य ठरते. त्यानंतर हे काम त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याच्याकडे गेले.

नागपुरातील लहान दगड मात्र उंचीशी संबंधित आहे. समुद्राच्या सरासरी पातळीपासून निघून, दोन उभ्या मापनदंडांच्या मधोमध दुर्बीण समपातळीत ठेवून त्यांच्यावरील आकड्यांतला फरक टिपायचा आणि असे टप्पे जोडत देशाच्या अंतर्भागापर्यंत उंची वाहून न्यायची, या पद्धतीला तलमापन म्हणतात; आणि अशा रीतीने उंची निश्चित करून कायमच्या खुणेने बांधून ठेवलेला बिंदू म्हणजे तलचिन्ह. भारतातील अचूक तलमापनास 1858 मध्ये सुरुवात झाली, आणि किनाऱ्यावरील नऊ भरती-ओहोटी निरीक्षण केंद्रांच्या आधारे त्याचे पहिले जाळे 1909 मध्ये पक्के करण्यात आले. नागपूरचे प्रमाण तलचिन्ह याच कालखंडातील आहे. स्तंभाच्या माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट, म्हणजे सुमारे 310.95 मीटर, अशी नोंदलेली आहे. फुटाचा हजारावा भाग एक तृतीयांश मिलिमीटरहूनही लहान भरतो, हे लक्षात घेतले म्हणजे शेकडो मैल पायी चालत केलेल्या या मोजणीमागचा कसोशीचा आग्रह ध्यानात येतो. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकांवर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची हे अशाच मोजणीचे रोजच्या पाहण्यातले फळ आहे.

शून्य मैल हा भारताचा भौगोलिक मध्य असून तेथूनच देशातील सर्व अंतरे मोजली जात, असा समज दूरवर रुजला आहे. पर्यटनविषयक लेखनातही तो सर्रास आढळतो. स्तंभावरील कोरीव मजकूर त्याला दुजोरा देत नाही. त्यावर हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170 मैल, सिवनी 79 मैल अशी अंतरे असून छिंदवाडा, बैतूल, चांदा (आजचे चंद्रपूर) ही नावेही आहेत. कलकत्ता, मुंबई, दिल्ली ही नावे मात्र नाहीत. ही गावे प्रामुख्याने तत्कालीन मध्य प्रांतातील आणि त्याच्या शेजारची आहेत, त्यामुळे स्तंभ हा नागपूरहून निघणाऱ्या वाटांचा प्रादेशिक मैलस्तंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शिवाय सर्वेक्षणाचा कणा असलेली त्रिकोणांची दक्षिणोत्तर साखळी, म्हणजे महाचाप, 78 अंश पूर्व रेखांशालगत जाते, तर नागपूर तिच्या सुमारे एक अंश पूर्वेला आहे. आणि देशाच्या सीमा बदलल्या की त्याचा मध्यही सरकतो, हे 1947 च्या फाळणीने दाखवून दिलेच आहे. केंद्रस्थानाच्या या दाव्यामुळे स्मारकाचा खरा मोठेपणा, म्हणजे उंचीच्या मोजणीचा इतका नेमका पुरावा भर शहरात आजही उभा असणे, दुर्लक्षित राहिला, ही खेदाची बाब होय.

अंतरांचा आरंभबिंदू दगडात किंवा धातूत बांधण्याची प्रथा जुनी आहे. रोमच्या चौकात ऑगस्टसने इ.स.पू. 20 मध्ये सुवर्ण मैलस्तंभ उभारला होता, आणि पॅरिसमध्ये नोत्र दाम चर्चच्या पुढ्यात फरसबंदीत बसवलेली खूण फ्रान्समधील रस्त्यांचा शून्यबिंदू मानली जाते. नागपूरच्या स्मारकात मात्र मैलस्तंभ आणि तलचिन्ह, म्हणजे अंतर आणि उंची, एकाच आवारात पाहता येतात.

स्मारकास वारसा वास्तूचा दर्जा आहे. या परिसराला अलीकडचा एक दुःखद संदर्भही आहे : 23 नोव्हेंबर 1994 रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 जणांचा मृत्यू झाला, आणि त्यांचे स्मारक येथून जवळच उभे आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘झिरो माइल फ्रीडम पार्क’ या मेट्रो स्थानकामुळे येथे पोहोचणे सुलभ झाले आहे. नोव्हेंबर 1817 मध्ये आप्पासाहेब भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या सैन्यांत जेथे लढाई झाली, तो सीताबर्डीचा किल्लाही लगतच आहे; तो लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिन अशा मोजक्याच दिवशी सर्वांसाठी खुला असतो.