हिजिरी पूल
हिजिरी पूल (हिजिरीबाशी) : जपानची राजधानी टोकियो येथील प्रबलित काँक्रीटचा ऐतिहासिक कमानी पूल. ओचानोमिझू स्थानकाच्या पूर्व टोकाशी तो कांदा नदी व चुओ लोहमार्ग या दोहोंवरून जातो. बांधकाम १९२७ मध्ये पूर्ण झाले.

पार्श्वभूमी : १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात व त्यानंतरच्या आगीत एक लाखाहून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले. अनेक लाकडी पूल जळाल्याने लोकांना पळून जाण्याची वाट उरली नाही. म्हणून शहराच्या पुनर्उभारणीत आगीला व हादऱ्यांना दाद न देणाऱ्या पक्क्या पुलांवर विशेष भर दिला गेला. हिजिरी पूल त्यांपैकीच एक. पुलाखालची दरी निसर्गनिर्मित नाही. सतराव्या शतकात सेंदाईच्या दाते घराण्याने टेकडी खोदून नदीसाठी हा मार्ग काढला. पुढे त्याच काठाने रूळ आले आणि १९०४ मध्ये स्थानक सुरू झाले.

रचना : आराखडा वास्तुकार मामोरू यामादा आणि अभियंता कात्सुताके नारुसे यांचा. मुख्य कमान नदीवर आहे. रूळ व रस्ता यांवरील बाजूच्या गाळ्यांत पोलादी तुळया आहेत. मोठ्या कमानीच्या वर, दोन्ही अंगांना उंच व अरुंद कमानदार पोकळ्यांची ओळ आहे. दगडी आवरण वा कोरीव नक्षी यांवर भिस्त न ठेवता काँक्रीटच्या आकारातूनच सौंदर्य साधले आहे. नदीतल्या नावेतून पूल कसा दिसेल, याचाही विचार यामादांनी केला होता. १९६४ चे निप्पोन बुदोकान सभागृह आणि क्योटो मनोरा या त्यांच्या उत्तरकालीन प्रसिद्ध वास्तू.

नाव व महत्त्व : ‘हिजिरी’ म्हणजे पवित्र. उत्तरेचे युशिमा सेइदो हे कन्फ्यूशियस मंदिर आणि दक्षिणेचे निकोलाई ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल ही दोन श्रद्धास्थाने पुलामुळे जोडली गेली. नाव लोकांकडून मागवलेल्या सूचनांतून निवडले गेले. भूकंपाचा तडाखा दोन्ही वास्तूंना बसला होता. कॅथीड्रलची दुरुस्ती १९२९ मध्ये झाली, तर जळालेले मंदिर १९३५ मध्ये काँक्रीटमध्येच नव्याने उभे राहिले.

सद्यःस्थिती : पुलावरून पूर्वेकडे पाहिले असता चुओ, सोबू आणि मारुनोउची या तीन मार्गांच्या गाड्या कधीकधी एकाच वेळी दिसतात, त्यामुळे छायाचित्रकारांची येथे नेहमी वर्दळ असते. अलीकडे दुरुस्ती व मजबुतीकरण झालेला हा पूल आजही वाहतुकीस खुला आहे. संकटानंतरच्या निकडीतही नगररचनेत सौंदर्यदृष्टी राखता येते, याचा तो भक्कम पुरावा आहे.