ट्राउटमान, बर्ट

(२२ ऑक्टोबर १९२३ – १९ जुलै २०१३). इंग्लंडमधील मँचेस्टर सिटी ह्या व्यावसायिक संघाचा विख्यात जर्मन गोलरक्षक. संपूर्ण नाव बेर्नहार्ट कार्ल ट्राउटमान. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचा युद्धकैदी म्हणून तो इंग्लंडमध्ये आला व पुढे तेथेच राहून १९४९ ते १९६४ ह्या काळात त्याने व्यावसायिक फुटबॉलमध्ये कीर्ती मिळविली. १९५६ च्या एफ. ए. कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मानेचा मणका मोडलेला असतानाही तो अखेरपर्यंत खेळला, ह्या एका प्रसंगामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. तथापि त्याच्या कारकीर्दीचे महत्त्व त्या प्रसंगापुरते मर्यादित नाही. युद्ध संपून पुरती पाच वर्षेही झालेली नसताना शत्रुराष्ट्राच्या माजी सैनिकाला इंग्लिश प्रेक्षकांनी कसे स्वीकारले आणि ह्या स्वीकारापायी त्याला कशास मुकावे लागले, ह्या दोन प्रश्नांच्या दृष्टीने ती अभ्यासण्याजोगी आहे.

परदेशी खेळाडूस इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. १९३० मध्ये लंडनच्या आर्सेनल संघाने रूडी हीडन ह्या ऑस्ट्रियन गोलरक्षकास आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ब्रिटिश मजूर खात्याने त्याला प्रवेश नाकारला. देशी खेळाडूंच्या संघटनेचाही अशा नेमणुकांना विरोध होता. त्यानंतर १९३१ मध्ये फुटबॉल असोसिएशनने परदेशी खेळाडूसाठी दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. ती १९७८ पर्यंत टिकली. हीडन पुढे पॅरिसला गेला, फ्रेंच नागरिक झाला आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातूनही खेळला. कोणत्याही खेळाडूने दोन वर्षे बिनकामाचे इंग्लंडमध्ये राहावे, अशी परिस्थिती नव्हती. ट्राउटमान मात्र १९४५ पासून त्या देशात होता. फुटबॉल असोसिएशनची अट त्याच्याकडून बंदिवासातच पूर्ण झाली, असे म्हणता येईल.

त्याचा जन्म ब्रेमेन शहराच्या व्हाले ह्या भागात एका कामगार कुटुंबात झाला. वडील गोदीच्या परिसरात काम करीत. लहानपणी तो फुटबॉल व हँडबॉल असे दोन्ही खेळ खेळे. १९३३ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास, तो नाझी पक्षाच्या बालसंघटनेत दाखल झाला. मोटार दुरुस्तीच्या कामाची उमेदवारी केल्यानंतर १९४१ मध्ये तो हवाई दलात भरती झाला व तेथून छत्रीधारी सैन्यात गेला. पूर्व आघाडीवरील कामगिरीबद्दल त्याला पहिल्या वर्गाचा ‘आयर्न क्रॉस’ हा सन्मान मिळाला. पुढे त्याची बदली पश्चिम आघाडीवर झाली. रशियन सैन्य व फ्रेंच प्रतिकारक ह्या दोघांच्याही हातून निसटलेला हा सैनिक अखेरीस १९४५ मध्ये ब्रिटिशांच्या हाती सापडला. युक्रेनमधील एका जंगलात ज्यू नागरिकांचे सामूहिक हत्याकांड आपण लपून पाहिले होते, असे त्याने उतारवयात दिलेल्या मुलाखतींत सांगितले. त्याच्या पुढील आयुष्याचे मूल्यमापन करताना ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

चौकशीनंतर प्रारंभी त्याची गणना कट्टर नाझी कैद्यांच्या वर्गात झाली. प्रथम चेशरमधील मार्बरी हॉल येथे व नंतर लँकाशरमधील अ‍ॅश्टन-इन-मेकरफील्ड येथील छावणीत त्याला ठेवण्यात आले. नाझी छळछावण्यांची चित्रफीत कैद्यांना दाखविण्यात आली, तिचा आपल्या मनावर खोल परिणाम झाल्याचे त्याने पुढे नमूद केले आहे. छावणीतील कैद्यांचा संघ आसपासच्या हौशी संघांशी फुटबॉलचे सामने खेळे. ट्राउटमान तोपर्यंत मधल्या फळीत खेळत असे. अशाच एका सामन्यात त्याला दुखापत झाली, तेव्हा त्याने गोलरक्षकाशी जागेची अदलाबदल केली; तो पुन्हा मैदानी खेळाडू झाला नाही. ‘बेर्न्ट’ ह्या त्याच्या घरगुती नावाचा उच्चार इंग्रजांना जमेना, म्हणून तो ‘बर्ट’ झाला.

१९४८ मध्ये मायदेशी परतण्याची मुभा मिळाली असता त्याने ती नाकारली. काही काळ शेतावर काम केल्यानंतर लिव्हरपूलजवळच्या ह्यूटन येथे न फुटलेले बाँब निकामी करण्याच्या पथकात तो काम करू लागला. हे बाँब अर्थातच जर्मन विमानांनी टाकलेले होते. सुटीच्या दिवशी तो सेंट हेलेन्स टाउन ह्या हौशी संघाकडून खेळे. त्या संघाचे चिटणीस जॅक फ्रायर ह्यांच्या कन्येशी १९५० मध्ये त्याचा विवाह झाला. त्याच्या गोलरक्षणाची वार्ता जिल्ह्यात पसरताच मोठ्या संघांचे त्याच्याकडे लक्ष गेले आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला करारबद्ध केले. इंग्लंडचा गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट त्याच वर्षी निवृत्त झाल्यामुळे ह्या संघातील जागा रिकामी होती.

ह्या नेमणुकीने मँचेस्टरमध्ये क्षोभ उसळला. शहराने १९४० च्या अखेरीस जर्मन बाँबहल्ल्यांचा मोठा तडाखा सोसलेला होता व तेथील ज्यू वस्तीही मोठी होती. हंगामाची तिकिटे घेणाऱ्यांनी बहिष्काराची धमकी दिली. निषेधाच्या निदर्शनात सुमारे २०,००० लोक सामील झाले होते, असे सांगितले जाते. ह्या प्रक्षोभाला दोन व्यक्तींनी आवर घातला. त्यांपैकी एक संघाचा कर्णधार एरिक वेस्टवुड होय. नॉर्मंडीच्या लढाईत भाग घेतलेल्या ह्या माजी सैनिकाने, आपल्या खेळाडूंच्या खोलीत युद्धाला जागा नाही, असे सर्वांदेखत सांगून ट्राउटमानचे स्वागत केले. दुसरे शहराचे धर्मगुरू रॅबाय आलेक्झांडर आल्टमान. ते स्वतः १९३८ मध्ये बर्लिन सोडून आलेले विद्वान होते आणि त्यांच्या आईवडिलांचा आउश्विट्स येथे अंत झाला होता. त्यांनी स्थानिक वृत्तपत्रात पत्र लिहून असे प्रतिपादन केले, की जर्मनांच्या हातून झालेल्या अत्याचारांचा दंड त्यांच्याशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीस देऊ नये, माणसाची पारख ज्याच्या त्याच्या वर्तनावरून करावी. ह्या पत्राचा परिणाम मोठा झाला. ज्यांना सर्वाधिक सोसावे लागले, त्यांच्यातीलच एकाने हे लिहिल्यावर इतरांची तक्रार आपोआप क्षीण झाली. हत्याकांड पाहिल्याची गोष्ट त्या वेळी लोकांना ठाऊक नव्हती. ती ठाऊक असती, तर पत्रातील युक्तिवाद तितक्या सहजपणे मांडता आला असता का, हा प्रश्न चरित्राच्या वाचकाला पडल्यावाचून राहत नाही. मात्र प्रत्यक्ष अत्याचारात ट्राउटमानचा हात असल्याचे कोणी दाखविलेले नाही.

१९ नोव्हेंबर १९४९ रोजी बोल्टन वाँडरर्सविरुद्ध तो पहिला सामना खेळला. घरच्या मैदानावरील विरोध त्याच्या खेळामुळे लवकर मावळला. परगावी मात्र शिव्याशाप चालूच राहिले. जानेवारी १९५० मध्ये लंडन येथे फुलहॅमविरुद्ध झालेला सामना ह्या दृष्टीने निर्णायक म्हणावा लागेल. लंडनच्या वृत्तपत्रांचे प्रतिनिधी मुद्दाम हजर होते व प्रेक्षक त्याला ‘नाझी’ म्हणून हिणवीत होते. दुबळ्या मँचेस्टर सिटीचा मोठ्या फरकाने पराभव होणार, असाच सर्वांचा कयास होता. ट्राउटमानने एकामागून एक फटके अडविले आणि त्याचा संघ केवळ ०–१ असा हरला. खेळ संपताच प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या आणि दोन्ही संघांच्या खेळाडूंनी दुतर्फा रांगा करून त्याला वाट दिली. त्या हंगामाच्या शेवटी मँचेस्टर सिटीची घसरण दुसऱ्या विभागात झाली. परंतु पुढच्याच वर्षी तो संघ पहिल्या विभागात परतला.

त्याच्या खेळाचे वैशिष्ट्य केवळ चेंडू अडविण्यात नव्हते. अडविलेला चेंडू लाथेने दूर भिरकावून देण्याची तत्कालीन गोलरक्षकांची रीत होती. तशाने चेंडू बहुधा प्रतिपक्षाकडेच जाई. ट्राउटमान, लहानपणच्या हँडबॉलच्या सरावामुळे, चेंडू हाताने लांबवर व अचूक फेकी. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने वेंब्ली येथे इंग्लंडचा ६–३ असा पराभव केला. तेव्हा हंगेरीचा गोलरक्षक ग्युला ग्रोशिच ह्याचाही भर जवळच्या सहकाऱ्याकडे चेंडू देण्यावर होता. त्या सामन्यापासून बोध घेऊन मँचेस्टर सिटीने जी व्यूहरचना स्वीकारली, तीत डॉन रेव्ही हा आघाडीचा खेळाडू मागे सरकून खेळे. चढाईची सुरुवात ट्राउटमानच्या फेकीपासूनच होई. ती व्यूहरचना रेव्हीच्या नावाने ओळखली जाते; पण तिच्या यशाचा बराच वाटा गोलरक्षकाकडे जातो.

कीर्तीच्या मानाने त्याची प्राप्ती अल्प होती. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या वेतनावर १९६१ पर्यंत कमाल मर्यादा होती. तो करारबद्ध झाला त्या वेळी ती आठवड्याला १२ पौंड होती. शिवाय कराराची मुदत संपली, तरी खेळाडूस संघाच्या संमतीवाचून दुसरीकडे जाता येत नसे. १९५२ मध्ये शाल्के ०४ ह्या जर्मन संघाने त्याच्यासाठी १,००० पौंड देऊ केले, तेव्हा त्याची किंमत ह्याच्या वीसपट आहे, असे सांगून मँचेस्टर सिटीने नकार दिला. ह्या नकाराचे परिणाम दूरवर पोहोचले. पश्चिम जर्मनीचे प्रशिक्षक झेप हेर्बर्गर १९५३ मध्ये त्याला भेटले आणि परदेशात खेळणाऱ्यास राष्ट्रीय संघात घेणे प्रवासाच्या व राजकीय अडचणींमुळे शक्य नाही, असे त्यांनी त्याला सांगितले. दुसऱ्याच वर्षी पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला. गोलमध्ये टोनी टुरेक होता. आपल्या काळातील सर्वोत्तम गोलरक्षकांत गणला गेलेला ट्राउटमान मायदेशासाठी एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळू शकला नाही.

१९५५ च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला न्यूकॅसल युनायटेडकडून १–३ अशी हार पत्करावी लागली. ह्या सामन्यात खेळणारा तो पहिलाच जर्मन. पुढच्या वर्षी संघ पुन्हा अंतिम फेरीत आला. उपांत्य सामन्यात टॉटनहॅमच्या एका खेळाडूचा पाय त्याने धरल्याची तक्रार झाली आणि त्याच्याकडे धमकीची व शिवीगाळीची पत्रे आली. सहा वर्षांपूर्वीचा द्वेष पुरता विझलेला नव्हता, हेच त्यावरून दिसते. त्याच सुमारास फुटबॉल लेखकांच्या संघटनेने त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले. हा मान मिळविणारा तो पहिला गोलरक्षक होय.

अंतिम सामना ५ मे १९५६ रोजी वेंब्ली येथे बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध झाला. मँचेस्टर सिटी ३–१ अशी आघाडीवर असताना, खेळ संपावयास सुमारे सतरा मिनिटे उरली होती. पीटर मर्फी चेंडूच्या मागे धावत आला. ट्राउटमानने त्याच्या पायांशी झेप घेतली आणि मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर आदळला. तो काही क्षण बेशुद्ध पडला. त्या काळी बदली खेळाडू घेण्याची तरतूद नव्हती. तो बाहेर गेला असता, तर संघाला दहा खेळाडूंनिशी खेळावे लागले असते. अर्धवट शुद्धीत, मान एका बाजूस कललेली, अशा स्थितीत त्याने आणखी काही फटके अडविले. त्यातच स्वतःच्याच एका सहकाऱ्याचीही त्याला धडक बसली. सामना ३–१ असाच संपला. पदक देताना एडिंबरोचे ड्यूक फिलिप ह्यांनी त्याच्या वाकड्या मानेची विचारपूस केली. लंडनमधील एका रुग्णालयात मान केवळ अवघडली असल्याचे सांगण्यात आले. चार दिवसांनी मँचेस्टर येथे क्ष-किरण छायाचित्र घेतले, तेव्हा मानेचे पाच मणके सरकल्याचे व त्यांपैकी दुसरा दुभंगल्याचे आढळले. तिसरा मणका दुसऱ्यात रुतून बसला होता म्हणूनच तो वाचला. ह्या प्रसंगाचे वर्णन शौर्यकथेसारखे केले जाते. परंतु आपली मान मोडली आहे, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हते आणि मृत्यू किती जवळून गेला हे त्याला नंतर कळले. बदली खेळाडूची सोय इंग्लिश लीगमध्ये १९६५ मध्ये झाली.

तो प्लॅस्टरमध्ये जखडलेला असतानाच, अंतिम सामन्यानंतर महिन्याभरात, त्याचा पाच वर्षांचा मुलगा मोटार अपघातात दगावला. ह्या आघातातून त्याचा संसार सावरला नाही. १९७२ मध्ये घटस्फोट झाला. डिसेंबर १९५६ मध्ये तो संघात परतला. पूर्वीचा आत्मविश्वास परत यावयास वेळ लागला. पुढे मात्र तो आणखी सात वर्षे खेळला. १९६० मध्ये इंग्लिश लीगच्या निवडक संघातही त्याला स्थान मिळाले. मँचेस्टर सिटीसाठी तो एकूण ५४५ सामने खेळला. एप्रिल १९६४ मध्ये त्याच्या गौरवार्थ झालेल्या सामन्यास सुमारे ४७,००० प्रेक्षक उपस्थित होते.

निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये त्याला स्थिर असे काम मिळाले नाही. स्टॉकपोर्ट काउंटी ह्या संघाचे व्यवस्थापन त्याने अल्पकाळ पाहिले. नंतर पश्चिम जर्मनीत प्रशिक्षक म्हणून काही वर्षे काढल्यावर जर्मन फुटबॉल संघटनेच्या साहाय्य योजनेखाली तो ब्रह्मदेशात गेला. ब्रह्मदेशाचा संघ १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये खेळला. त्यानंतर टांझानिया, लायबीरिया, पाकिस्तान व उत्तर येमेन ह्या देशांतही त्याने १९८८ पर्यंत मार्गदर्शन केले. ज्या राष्ट्राच्या संघात त्याला जागा मिळाली नव्हती, त्याचाच प्रतिनिधी म्हणून तो आता परदेशी जात होता.

इंग्लंड व जर्मनी ह्यांमधील सलोख्यास हातभार लावल्याबद्दल २००४ मध्ये त्याला ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एंपायर’ हा ब्रिटिश सन्मान मानद स्वरूपात देण्यात आला. जर्मनीनेही त्याचा गौरव केला. त्याच्या जीवनावर आधारित चित्रपट २०१८ मध्ये तयार झाला. अखेरची वर्षे त्याने स्पेनमध्ये व्यतीत केली व व्हॅलेन्सियानजीक ला लोसा येथे त्याचे निधन झाले.