आडवाटेची दोन यंत्रे

साहित्याच्या अभ्यासात 'प्रभाव' आणि 'अनुकरण' हे शब्द जपून वापरावेत, हे आपण बऱ्याच वादांनंतर शिकलो. यंत्रांच्या इतिहासात मात्र ते अजून सैलपणे वापरले जातात. युरोपने निर्मिती केली आणि जपानने तिची स्वस्त नक्कल विकली, हे विधान रानातून, दगडधोंड्यांतून हाकायच्या मोटरसायकलींविषयी हमखास ऐकू येते. ते तपासून पाहण्याजोगे आहे.

युरोपात या यंत्राचा जन्म स्पर्धेच्या पोटी झाला. १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय चाचणी प्रथम भरली. वेग हा तिचा एकमेव निकष नव्हता. खडतर वाटांवर यंत्र आणि माणूस किती टिकतात, हे तेथे पाहिले जाई आणि दुरुस्ती करायची ती स्वाराने स्वतःच. पुढे स्वीडनची हुस्कवार्ना, ऑस्ट्रियाची केटीएम, बार्सिलोनाच्या माँटेसा आणि बुल्ताको या कंपन्या याच संस्कारात वाढल्या. बुल्ताकोने उत्तर आयर्लंडचा कसलेला स्वार सॅमी मिलर याच्या साहाय्याने १९६४ मध्ये 'शेर्पा' घडवली आणि १९६५ मध्ये मिलरने तिच्यावर स्कॉटलंडची सहा दिवसांची चाचणी जिंकली. हलक्या टू-स्ट्रोक यंत्रापुढे अवजड ब्रिटिश गाड्यांचे दिवस भरल्याची ती खूण होती. अशी गाडी तिच्या स्वाराइतकीच तल्लख असे. अनाड्याच्या हाती मात्र ती रुसत असे.

जपानने युरोपकडून घेतले, हे नाकारण्याचे कारण नाही. यामाहाची पहिली मोटरसायकल, १९५५ची 'वायए-१', जर्मनीच्या डीकेडब्ल्यू 'आरटी १२५'वर बेतलेली होती. पण याच जर्मन गाडीचा आराखडा महायुद्धानंतर ब्रिटनच्या बीएसएने, अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनने आणि सोव्हिएत कारखान्यांनीही उचलला होता. मग 'नकलाकार' हे विशेषण एकट्या जपानच्याच वाट्याला का यावे? १९६१ साली पूर्व जर्मनीचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि एमझेड कारखान्याचे टू-स्ट्रोक ज्ञान त्याच्यासह सुझुकीकडे पोचले. १९६२ मध्ये ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद त्याने सुझुकीवर मिळवले. येथे ऋण आहेच, आणि ते नैतिकदृष्ट्या निष्कलंकही नाही.

तरीही १९६८ मध्ये यामाहाची 'डीटी-१' अमेरिकेत आली, तेव्हा तिच्यात जे नवे होते ते कोणाकडून उचललेले नव्हते. २४६ सीसीचे इंजिन, रस्त्यावर चालण्यापुरते दिवे, पेट्रोलमध्ये हाताने ऑइल मिसळण्याच्या कटकटीतून सुटका करणारी ऑटोल्यूब योजना आणि ८०० डॉलरहून कमी किंमत. सुटे सुटे पाहिले तर यातले काहीच अद्भुत नव्हते. अद्भुत होती ती ग्राहकाची कल्पना. आठवडाभर कामावर जाणारा आणि रविवारी त्याच गाडीने डोंगरात शिरणारा सामान्य माणूस या यंत्राने गृहीत धरला होता. साहित्यकृतीला जसा अभिप्रेत वाचक असतो, तसा यंत्राला अभिप्रेत स्वार असतो. युरोपीय यंत्राला जाणकार हवा होता. जपानी यंत्राने नवशिक्याला क्षमा करायचे ठरवले.

हा फरक आजही टिकून आहे. युरोपीय एंड्युरो गाडीची देखभाल इंजिन किती तास चालले यावर मोजतात. दुहेरी वापराच्या जपानी गाडीची किलोमीटरांवर. पहिली हलकी आणि तडफदार, दुसरी जड आणि सोशिक. रानात दिवसभर रमणाऱ्याला कोणती चांगली, हे तो कोण आहे यावरच ठरते.

देवाणघेवाण एकाच दिशेने झाली, असेही नाही. मागच्या चाकासाठी एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर ही कल्पना बेल्जियमच्या लुसियाँ टिल्केन्सची. ती यामाहाने स्वीकारली आणि १९७३ मध्ये हाकान अँडरसन या स्वीडिश स्वाराने तिच्यावर २५० सीसी मोटोक्रॉसचे जागतिक विजेतेपद जिंकले. १९७९ची पहिली पॅरिस-डाकार शर्यत फ्रान्सच्या सिरिल नव्हूने यामाहा 'एक्सटी ५००'वर जिंकली. उलट २००१ ते २०१९ या काळात मोटरसायकल गटातील प्रत्येक डाकार शर्यत केटीएमच्या नावावर लागली. २०२०मध्ये ही मालिका होंडाने तोडली.

या लोकशाहीची किंमतही पडली. बुल्ताकोसारखे कारखाने १९८०च्या दशकाच्या आरंभी मिटले. त्याला स्पेनमधील अंतर्गत कारणे होती, तशी जपानी स्पर्धाही होती. दुसरी किंमत रानाने मोजली. यंत्र सोपे झाले तशी वाटांवर गर्दी झाली, माती उखडली, शांतता गेली. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमेरिकेच्या सार्वजनिक जमिनींवर अशा वाहनांना कोठे मुभा द्यावी आणि कोठे मनाई करावी, हे ठरवण्याचा आदेश काढला. जी वाट सर्वांना खुली झाली, ती त्याच कारणाने काही ठिकाणी सर्वांनाच बंद झाली. जाणकारांच्या मक्तेदारीविरुद्ध बोलताना ही बाजू विसरून चालत नाही.

कथेचा शेवटचा धागा आपल्या दाराशी येतो. १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेलेली केटीएम १९९२ मध्ये पुन्हा उभी राहिली. २००७ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने तिच्यात भागीदारी घेतली आणि तिच्या लहान गाड्या चाकणला बनू लागल्या. २०२४च्या अखेरीस ती पुन्हा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली, तेव्हा तिला सावरणारा पैसा बजाजकडून आला आणि २०२५ मध्ये नियंत्रणही त्याच्याकडे गेले. युरोपीय परंपरेचा हा मानबिंदू आज पुणेकर हातांत आहे. त्याला आता 'युरोपीय' म्हणायचे की आणखी काही, हे सांगणे अवघड आहे. मूळ आणि नक्कल यांची सीमारेषा यंत्रांच्या जगातही आपण समजतो तितकी ठळक नाही, एवढे मात्र म्हणता येईल.